जिभेवरचा साबुदाणा

माझ्या पोरीच्या जिभेला साबुदाणा चिकटलाय, असं मला आधी वाटलं. शनिवारची दुपार होती. हेमांगी जळगावहून सकाळच्या बसनं येऊन सोफ्यावर आडवी झाली होती आणि तोंड उघडं टाकून झोपली होती. पंखा कमी करायला म्हणून गेले, सहज खाली बघितलं, तर जिभेच्या मधोमध एक गोल चकचकीत दाणा. घशात बिशात जायचा म्हणून मी पदराचं टोकही पुढे केलं. मग आठवलं की घरात साबुदाणा भिजवलेलाच नाही. कोणाचा उपास नव्हता, आणि भिजलेला साबुदाणा कितीही चांगला असला तरी त्यात पंखा फिरताना दिसत नाही.

मी पदर मागे घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मी कोण ते सांगते, म्हणजे मला का झोंबलं ते कळेल. मी दिपमाला. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं कटलरीचं दुकान आहे. डावीकडच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नुसती कानातली, समोर काचेत चमक्या, नथी, मोरण्या, उजवीकडे बांगड्या. अर्ध्या धुळ्याच्या बायकांच्या नाकातल्या अडकलेल्या फिरक्या मी माझ्या नखांनी सोडवल्या आहेत. अशा बाईच्या एकुलत्या एका पोरीनं अंगाला नवीन दागिना घालावा, तोही अशा जागी, आणि आईच्या दुकानात पाऊलही न ठेवता? जीभ टोचल्याचा राग मला नव्हताच. राग होता तो मला न सांगितल्याचा. ही पोर मला सगळं सांगते. बारावीला केमिस्ट्रीत गचकली तेव्हा निकालाच्या आधी मला सांगितलं होतं, वडलांना निकालानंतर. जळगावला त्या आर्किटेक्टकडे नोकरीला लागल्यापासून डब्यात काय होतं इथपासून साहेब कोणावर ओरडला इथपर्यंत सगळं रोज फोनवर. आणि हे नाही.

उठल्यावर ती दहीभात मागायला लागली. आमच्याकडे दहीभात एकतर आजारी माणूस खातो, नाहीतर पुण्याहून आलेला. हेमांगीचे पप्पा, म्हणजे प्रेमराज, वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, पोरीला डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, जीभ चावली गेली. हे वाक्य बोलतानाच तिची जीभ दातांना अडखळत होती, सुजली होती बिचारी. मी म्हटलं, असं होय, मग बर्फ चघळ. आणि फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढून तिच्यापुढे आपटला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं पाकीटमार पोलिसाकडे बघतो, आणि बर्फ चघळायला लागली.

सोमवारी ती गेल्यावर मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर मयुरीच्या पार्लरमध्ये गेले. मयुरी नाक-कान टोचून देते, पण जिभेचं नाव काढल्यावर तिनं दोन्ही हात वर केले. ते मशिनीचं काम नाही ताई, म्हणाली, त्याला शिकलेला माणूस लागतो. तुम्हाला कशाला पाहिजे, असंही विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक विचारत होतं. तिनं मला मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले, ते मी दुकान बंद करून घरी जाताना, कुकर लावताना, पप्पा बातम्या बघत असताना कानात वायर घालून बघितले. एका आठवड्यात मी जवळजवळ डॉक्टरच झाले. आधी लांब दांडी घालतात, कारण जीभ सुजते आणि सुजेला जागा लागते. सूज उतरली की ती दांडी काढून आखूड घालायची, नाहीतर वरचा मणी दातांवर आपटत राहतो आणि दाताचा टवका उडतो. खाल्ल्यावर दर वेळेला मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरायची. तिखट नाही, गरम नाही. हात साबणानं धुऊन मणी घट्ट आहे का ते रोज बघायचं, कारण जीभ सारखी हलते आणि मळसूत्र ढिलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांडी निघाली तर भोक बघता बघता बुजतं. कानासारखं नाही, की महिनाभर काडी घालून ठेवली तरी चालतं.

हे सगळं शिकल्यावर मी ठरवलं की आपण विचारायचं नाही. सांगेल तर तीच सांगेल. पण नुसतं गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी स्वयंपाक केला.

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा ताटात कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर बोटभर तर्री आलेली शेवभाजी होती. ठेचा मी लोखंडी तव्यावर असा काही रगडला होता की शेजारच्या घरात खोकला सुरू झाला. हेमांगी लहानपणापासून ठेच्यावर तुटून पडणारी. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवंढा गिळला. मग म्हणाली, मला अॅसिडिटी झालीय. पप्पांचा घास हातात राहिला. या वयात अॅसिडिटी? त्यांनी मग जळगावच्या खानावळींवर, रात्री जागण्यावर आणि मोबाईलवर जे काही सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, आणि माझ्या पोरीनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. तिला तशी बघून माझंच मन द्रवलं. मी उठून तिला गार दुधात भाकरी कुस्करून दिली.

तेव्हाच बाथरूमच्या खिडकीत एक पेला ठेवायला सुरुवात केली. मोठ्यानं जाहीर करून टाकलं की माझा घसा बसलाय, मीठ घातलेलं कोमट पाणी तिथं ठेवलेलं असतं, कोणी सांडू नका. जेवण झालं की ती बाथरूममध्ये जायची आणि पेला रिकामा व्हायचा. मी परत भरायची. असा माझा घसा बसलेलाच राहिला, आणि त्याच घशानं मी सोमवार ते शुक्रवार दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होते. पप्पांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना माझा आवाज कमी झाल्याचं कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

सांगायला मी तिला वाट करून दिली नाही असंही नाही. रविवारी भांडी विसळताना मी मुद्दाम गोष्ट काढली. दुकानात एक बाई आली होती, तिच्या पोरीनं बेंबीत बाळी घातलीय, मी म्हटलं बाई, त्यात काय, शोभतं पोरींना. असं कोणी गिऱ्हाईक आलं नव्हतं. हेमांगीच्या हातातलं पातेलं थांबलं. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं, ओठ उघडले, आणि मी नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. तेवढ्यात पप्पा दारात आले आणि नेलकटर कुठं ठेवलाय ते विचारायला लागले. हेमांगीनं तोंड मिटलं आणि पातेलं घासायला घेतलं. तो नेलकटर त्या दिवसापासून त्यांना सापडलेला नाही, आणि मी असेपर्यंत सापडणारही नाही.

मग कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पांझरेकाठच्या आमच्या गावी सगळे भाऊबंद जमतात, कोण सुरतेहून, कोण नाशिकहून. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगाला जरीची साडी, आणि बघता बघता नारळाची देवी होऊन बसते. घरातल्या माणसांच्या हिशेबानं मुठीमुठीनं गहू मोजून त्याचा रोट, म्हणजे पुरणपोळ्या आणि खीर, करतात. तो भाऊबंदांनीच खायचा, आणि ताटात कण ठेवायचा नाही. सोमवारी सकाळी नदीवर बाईला निरोप. या सगळ्यावर माझ्या सासूबाई कमलबाई यांची करडी नजर असते. त्यांना सगळे अक्का म्हणतात. कानबाईचा साजशृंगार दरवर्षी माझ्या दुकानातून जातो, आणि दरवर्षी अक्का त्यात खोट काढतात.

हेमांगी शनिवारी धुळ्याला आली तेव्हा तिची सूज पार उतरली होती. बोलणं स्वच्छ झालं होतं, पण बोलता बोलता मधूनच टक् असा आवाज यायचा. मणी दातांवर आपटत होता. मला कळलं की आता दांडी बदलायची वेळ झालीय. फोनवर कोणाशी तरी ती हळू आवाजात बोलत होती तेही मी ऐकलं, दाराशी केर काढत असल्यामुळे. त्या टोचणाऱ्यानं तिला रविवारी बोलावलं होतं, ती म्हणत होती की घरी देव आहे, मंगळवारी येते, आखूड दांडी आणलेली आहेच, पर्समध्येच आहे, पण स्वतः बदलायची हिंमत होत नाही. बस, आता मंगळवारपर्यंत तो मणी टिकायला हवा होता.

आणि तो टिकणार नव्हता, हे मला रविवारी सकाळीच समजलं. गावी चुलीपुढे बसून ती पुरणपोळ्यांना पीठ लावून देत होती आणि सवयीनं तो मणी दातांमागे फिरवत होती. आवाज बदलला होता. टक् च्या जागी टक्‌-टिक येत होतं. फिरकी ढिली झाली की असाच आवाज येतो, कान असो की नाक. घट्ट कर गं तेवढं, एवढंच म्हणायचं होतं मला. पण म्हटलं असतं तर मग मला माहीत आहे हे कळलं असतं, आणि इतके दिवस धरलेली माझी जिद्द तिथंच गेली असती. मी पोळी उलटली.

अक्कांचं मात्र नातीकडे लक्ष होतं. ही जेवताना बोलत नाही, हसताना तोंडावर हात धरते, हे त्यांनी टिपलं होतं. नैवेद्य झाला, दिवेलागणीला सगळे रोट खायला बसले, तेव्हा अक्का तिच्या समोरच बसल्या.

"बठ्ठं खाई ले, पोर," त्या म्हणाल्या. "रोट टाकतस नही. आन अशी मुकी काब्र बशी?"

हेमांगी मान डोलावून हळूहळू एकेक घास चावत होती. पुरणपोळी आणि खीर गोड, मऊ, तिच्या कामाचीच होती. त्यामुळे तिनं ताट असं स्वच्छ केलं की अक्का खूश झाल्या, आणि खूश झाल्यामुळेच घात झाला. जेवणं आटोपल्यावर बायका कानबाईपुढे गाणी म्हणायला बसल्या, आणि अक्कांनी नातीला फुगडीला उठवलं. नको म्हणायची सोय नव्हती. माझी पुतणी दांडगी, तिनं हेमांगीचे हात धरले आणि गरागरा फिरवायला सुरुवात केली. फुगडी म्हटली की तोंडानं फू फू आलंच. हेमांगी आधी ओठ मिटून फिरत होती. मग वेग वाढला, पोरी हसायला लागल्या, ती तोंडावरचा हात विसरली, हात तर दोन्ही अडकलेलेच होते. तिनं मान मागे टाकली आणि लहानपणी करायची तसा जोरात फूऽ केला.

मला तो उडताना दिसला. समईच्या उजेडात एक ठिपका चमकला, चौरंगाच्या पायाला लागून फरशीवर टणटणला आणि कानबाईच्या साडीच्या निऱ्यांशी जाऊन थांबला.

हेमांगी तिथल्या तिथं थांबली. पुतणी स्वतःच्याच वेगानं भिंतीवर जाऊन आदळली. हेमांगीनं तोंडावर हात घट्ट दाबला होता आणि डोळ्यांनी फरशी शोधत होती. पण अक्का जवळ बसल्या होत्या. त्यांनी वाकून मणी उचलला, तळहातावर घेतला, समईजवळ नेऊन उलटासुलटा केला. मग त्यांनी कानबाईच्या नथीकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे.

"दिपमाला, तुना दुकानना माल असाच शे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "देवीना नाकमा बी टिकत नही. आन याले भोक बी अर्धंच शे."

नथ खरोखर माझ्याच दुकानातली होती आणि तिचा एकही मणी गळला नव्हता. पण ते मी कोणत्या तोंडानं सांगणार? मणी मग कोणाचा, हा पुढचा प्रश्न आलाच असता. मी म्हटलं, हो अक्का, आजकाल माल असाच येतो. इतकी वर्षं मी माझ्या मालाबद्दल कोणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता, त्या दिवशी पोरीसाठी ऐकला. अक्कांनी तो मणी दुधाच्या वाटीत बुडवून धुतला, कुंकवाचं मेण घेतलं, भोकात भरलं आणि देवीच्या नथीत बरोबर मधोमध बसवून टाकला. मग मागे सरकून बघितलं. शोभत होता, खोटं कशाला बोलू.

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, बाई, पोरीच्या तोंडातलं आहे. पण पोरीचं उष्टं आईला चालतं, तू तर सगळ्यांची आई आहेस, एवढं चालवून घे. बाईनं नथीतला मणी हलवलासुद्धा नाही, म्हणजे चालवून घेतलं असणार.

तेवढ्यात माझा पदर ओढला गेला. हेमांगी मला ओढत धान्याच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं. एक हात तोंडावर तसाच, दुसऱ्या हातानं मोबाईलवर काहीतरी भराभरा टाईप करून तिनं तो माझ्या नाकापुढे धरला. लिहिलं होतं, मम्मी, तो मणी माझा आहे. आता खरं तर मला लगेच पुढे व्हायला हवं होतं. पण इतके दिवस वाट बघितलेली मी, मला मोह आवरेना. मी म्हटलं, चष्मा बाहेर राहिला, मला काही दिसत नाही, काय असेल ते तोंडानं सांग. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. मग तिनं हळूच हात काढला, मान वर केली आणि लहानपणी दात हलायला लागला की माझ्याकडे येऊन करायची तसा आ केला.

जिभेवर दांडीचं नुसतं टोक उभं होतं, डोकं नसलेल्या खिळ्यासारखं. जीभ हलली की तेही खाली सरकत होतं. माझं सगळं भाषण तयार होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आईला काय आंधळी समजतेस, सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही मला आठवला नाही.

"पर्समध्ये दुसरी आहे ना? आण," मी म्हटलं.

आखूड दांडी बंद पाकिटात होती. मी कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, तिला मिठाच्या पाण्याची चूळ भरायला लावली. खाली घासलेली परात ठेवली, कारण मोरीवर असलं काम केलं तर मणी नळीतून थेट पांझरेत जातो. तिला पाटावर बसवून जीभ बाहेर काढायला सांगितली आणि धुतलेल्या रुमालानं धरली. आता सांगते, नाकाची फिरकी सोडवणं वेगळं आणि जीभ वेगळी. नाक निदान एका जागी राहतं. लांब दांडी खालून आपोआप सुटून आली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट धरलं. नवी दांडी खालून घालताना पहिल्यांदा वाट चुकली, दुसऱ्यांदा टोक वर दिसलं. मी मणी उचलला, टेकवला, आणि तो माझ्या बोटांतून निसटून परातीत टणकन पडला.

बाहेरून अक्कांचा आवाज आला, "काय पडनं व?"

"वाटी," मी ओरडले.

हेमांगीला हसू फुटलं, आणि जीभ माझ्या हातात असताना ती हसल्यावर मला इतका राग आला की मी तिला स्वच्छ अहिराणीत दोन शिव्या दिल्या. मग मणी परत धुतला, टेकवला, श्वास रोखून फिरवला. एक वेढा बसला, मग दुसरा. घट्ट झाल्यावर मी तो दोनदा ओढून बघितला. नथ विकताना गिऱ्हाइकासमोर बघते ना, तसाच. ती जीभ आत घेऊन थोडा वेळ तोंडात फिरवत राहिली. मणी दातावर आपटत नव्हता.

"तुला माहीत होतं ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. का म्हटलं, मलाही सांगता येणार नाही. ती स्वतः येऊन सांगते आहे, हे मला तसंच राहू द्यायचं होतं.

"मग ते मिठाचं पाणी?"

"माझा घसा."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पाटावरून उठून गव्हाच्या पोत्याला टेकून उभी राहिली.

"मम्मी, तू मला सगळं विचारतेस. कोणाबरोबर जेवले, चप्पल कुठून घेतली, रिक्षावाल्यानं काय म्हटलं. ह्या वेळी काहीच विचारलं नाहीस. पाणी ठेवत होतीस, म्हणजे माहीत होतं. तरी विचारलं नाहीस. मला वाटलं, इतकी रागावलीस की आता माझ्याशी बोलायचंच नाही तुला."

हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी आपली मजा करत होते, ठेचा वाटत होते, पेले भरत होते, आणि ही पोर दर सोमवारी बसमध्ये बसून, आई आपल्यावर इतकी चिडलीय, हे मनात घेऊन जळगावला जात होती.

"वाट बघत होते गं," मी म्हटलं. "तू सांगशील म्हणून. रागावले नव्हते."

"आणि ठेचा?"

"ठेचा मुद्दाम होता."

तेव्हा कुठं ती हसली, तोंडावर हात न धरता. मी तिला जवळ घेतलं. दोघी बाहेर आलो तेव्हा बायका पुढचं गाणं म्हणत होत्या आणि कानबाईच्या नथीत हेमांगीचा मणी लखलखत होता. आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर देवीपुढे बसून दात काढल्याबद्दल अक्कांनी दोघींना घराबाहेर काढलं असतं.

सोमवारी नदीवर बाईचा साज उतरवताना अक्कांनी नथ स्वतःच्या हातानं काढली. पाण्यात बुडवून पुसली, मणी अंगठ्यानं दाबून बघितला. मेण बाकी पक्कं होतं.

"पुढला साल असाच मणी आनजो," मला म्हणाल्या. "पन गळाले नको."

मी म्हटलं, आणीन, पण तसला मणी जळगावलाच मिळतो. हेमांगी माझ्यामागे उभी राहून खोकायला लागली. अक्कांनी नथ रुमालात बांधून कनवटीला लावली. तो मणी कोणाचा हे अक्कांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते पोरीनं बघावं. मी मधे पडणार नाही. जमलं तर.

दुपारी धुळ्याच्या स्टँडवर जळगावची बस लागली. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर तिनं हात बाहेर काढला. मी खाली उभी राहून तिला विचारलं, दही घेतलं का, मीठ आहे का रूमवर, पोचल्यावर रात्री काय खाणार, तो टोचणारा माणूस कोण, त्याचं आडनाव काय, सुया नवीन वापरतो का, मंगळवारी त्याला दाखवून आलीस की फोन करशील का, आणि दुखलं होतं का. प्रत्येकाचं उत्तर तिनं दिलं. दुखलं होतं, म्हणाली, टोचताना कमी, पण पहिल्या शनिवारी तू बर्फ आपटलास तेव्हा जास्त. कंडक्टर दोन वेळा दार आपटून गेला.

"आ कर," मी म्हटलं.

बस भरलेली होती. मागच्या सीटवरचे दोन म्हातारे पुढे वाकून बघत होते. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि आ केला. मी टाचा उंचावून नीट बघितलं. मणी जागेवर होता, जीभ गुलाबी होती, सूज नव्हती. ठीक आहे, जा, असं मी म्हटलं. बस हलली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर मला पूर्ण जीभ काढून दाखवली. लहानपणी अशी जीभ काढली की मी तिला चापट मारायची. या वेळी मी स्टँडवर उभी राहून बस फाटकाबाहेर वळेपर्यंत ती जीभ बघत राहिले.